दुसऱ्याचं निरूपण आपल्या कीर्तनात घ्यायचं असेल तर

माघी गणेशोत्सवापासून हनुमान जयंतीपर्यंत कोकणातल्या कीर्तनकाराला घर दिसत नाही. एका गावचा उत्सव उरकला की पेटी-तबल्यासकट पुढच्या गावी. कुठे तीन दिवस, कुठे पाच, कुठे सात. रोज नवा पूर्वरंग, म्हणजे अभंगावरचं निरूपण, रोज नवं आख्यान, म्हणजे त्यामागून येणारी कथा, आणि समोर बसणारी माणसं मात्र तीच. एकट्याच्या डोक्यातून इतकं निघत नाही. मी गेली 22 वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारदीय कीर्तन करते आहे आणि माझ्या कीर्तनातलं निम्म्याहून अधिक दुसऱ्यांकडून आलेलं आहे, हे मी मोकळेपणाने सांगते.

हा लेख त्या घेण्याबद्दल आहे. काय घ्यावं, कोणाला विचारावं, नाव कुठे आणि कसं घ्यावं, चूक झाली तर काय करावं. नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलामुलींसाठी मुख्यतः लिहिते आहे. सप्ताहात प्रवचन करणाऱ्यांना आणि कीर्तनकार बोलावणाऱ्या उत्सव मंडळांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

घेणं परंपरेतच आहे, लपवणं नाही

दासबोधाच्या चौथ्या दशकातला दुसरा समास कीर्तनभक्तीचा आहे. त्यात समर्थ सांगतात, ‘बहुत करावें पाठांतर । कंठीं धरावें ग्रंथांतर’. म्हणजे दुसऱ्याचं तोंडपाठ असणं हा आपल्याकडे दोष नाहीच, ती कीर्तनकाराची पहिली पात्रता आहे. ज्ञानेश्वरसुद्धा अठराव्या अध्यायात म्हणतात की आपण ‘व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु’ आलो. कोणाच्या पावलावर पाऊल टाकलं आणि कोणाला वाट विचारली, दोन्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच अध्यायाच्या अखेरीस शके 1212, म्हणजे इ.स. 1290, हा काळ नोंदवताना सच्चिदानंदबाबा ‘लेखकु जाहला’ असं येतं. ज्याने नुसतं उतरवून घेतलं त्याचं नावदेखील सुटलेलं नाही. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा माझ्या वहीकडे बघवेना, कारण तिच्यात एकाही दृष्टांतापुढे कोणाचं नाव नव्हतं.

दुसरी बाजूही परंपरेतच सापडते. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर स्वतःचं नाव घालणारे सालोमालो त्यांच्या काळातच होते, असं सांगतात. तुकोबांनी त्यांच्यावर अभंगच केला: ‘सालोमालो हरिचे दास । म्हणउन केला अवघा नाश’, आणि पुढे, ‘अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें’. हा अभंग नीट पाहा. तुकोबा ‘माझं का गायलंत’ असं कुठेच म्हणत नाहीत. गाणाऱ्यांना तर त्यांनी कधी अडवलं नाही. राग आहे तो ‘एकाचें आपुलें’ म्हणण्यावर. आजही सगळा प्रश्न एवढाच आहे.

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न फार जुना आहे. सेंट ऑगस्टीनने पाचव्या शतकातच लिहून ठेवलं की ज्याला बोलता उत्तम येतं पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याने चांगलं रचलेलं पाठ करून सांगितलं तर वावगं नाही. 1547 मध्ये इंग्लंडच्या चर्चने प्रवचनांचं पुस्तकच छापलं, आणि ज्या पाद्र्यांना स्वतः प्रवचन करता येत नव्हतं त्यांनी त्यातून वाचून दाखवायचं असं ठरवून दिलं. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं की हे पुस्तकातलं आहे. तिथे फसवणूक नाही.

माझ्याकडून झालं ते

नियम सांगण्याआधी हे सांगणं भाग आहे, कारण पुढचे बरेचसे नियम यातूनच आले.

पंधराएक वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ बुवांचं कीर्तन मी ऐकलं. त्यांच्या निरूपणात तरीवाल्याचा दृष्टांत होता. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. लहानपणी वडिलांबरोबर रात्री खाडी ओलांडताना वडिलांनी तरीत बसल्याबसल्या पैसे पुढे केले. तरीवाला म्हणाला, ‘अजून पोचवलं कुठे? पलीकडे पाय लागू देत, मग घेईन.’ बुवा त्यावरून गुरूवर यायचे: पलीकडे नेल्याशिवाय दक्षिणा मागत नाही तो गुरू. मला तो दृष्टांत इतका आवडला की घरी आल्यावर जसाच्या तसा लिहून काढला. दोन महिन्यांनी एका गावच्या उत्सवात तो सांगितला, ‘मी लहान असताना वडिलांबरोबर’ अशी सुरुवात करून. कसा अगदी रंगला. बायका डोळे पुसत होत्या.

आरती झाल्यावर एक आजोबा जवळ आले. नमस्कार केला आणि म्हणाले, ‘ताई, तुमचं माहेर कुठलं म्हणालात?’

‘लांज्याकडचं.’

‘मग तिकडे तर कुठली?’

लांजा समुद्रापासून आत. आमच्या गावच्या नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी, तिथे खाडी नाही आणि तरही नाही. मी काही बोलले नाही. आजोबाच हळू आवाजात म्हणाले, ‘हा तरीवाला आम्ही ह्याच देवळात ऐकलेला आहे. तेव्हा तो बुवांच्या वडिलांबरोबर होता.’

चारचौघांत ते बोलले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बुवांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तरीवाला घे गो. सगळ्यांना सांग. पण माझा बाप तेवढा मला ठेव.’

दृष्टांतातला विचार देता येतो, घेता येतो. दुसऱ्याचा बाप, दुसऱ्याचं आजारपण, दुसऱ्याची भूक, दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी ‘माझं’ म्हणून सांगता येत नाही. श्रोता कीर्तनकारावर विश्वास टाकून बसलेला असतो आणि त्या विश्वासावरच त्याचे डोळे भरतात. ते खोट्यावर भरवून घेणं ही नुसती उसनवारी नाही.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: वही नीट ठेवा

बहुतेक चोऱ्या विसरण्यातून होतात. ऐकलं, आवडलं, लिहून ठेवलं, पाच वर्षांनी वही उघडली तर अक्षर आपलं, म्हणून वाटतं विचारही आपलाच. यावर उपाय साधा आहे. दोनशे पानी वही घ्या, डावीकडे तीन बोटं समास सोडा. मजकूर उजवीकडे लिहा. समासात प्रत्येक वेळी लिहा: कोणाकडून, कुठे, कोणत्या वर्षी. पुस्तकातलं असेल तर पुस्तक आणि पान. फोनवर पाहिलं असेल तर कोणाचं कीर्तन आणि कुठल्या गावचं.

शब्दशः उतरवलेलं असेल तर मी समासात उभी रेघ मारते. सारांश स्वतःच्या भाषेत लिहिला असेल तर रेघ नाही. वर्षांनी वही चाळताना कुठलं वाक्य दुसऱ्याचं आहे हे त्या रेघेवरून कळतं. स्वतःला सुचलेल्या गोष्टीपुढे ‘स्व’ लिहायचं. हे ‘स्व’ वहीत किती कमी असतात ते बघून नवशिक्याने खचू नये. माझ्या पहिल्या वहीत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

जुन्या वह्या असतील तर त्यांवर बसा. आठवेल तिथे नाव लिहा, आठवत नसेल तिथे ‘ऐकीव’ लिहा. ‘ऐकीव’ लिहिलेलं कधीही स्वतःचं म्हणून सांगायचं नाही.

दुसरी पायरी: तीन ढीग करा

घेतलेलं सगळं सारख्या मोलाचं नसतं, आणि सगळ्यासाठी सारखीच परवानगीही लागत नाही. मी तीन ढीग करते.

पहिला ढीग सगळ्यांचा. संतांचे अभंग, ओव्या, मोरोपंतांच्या आर्या, वामन पंडितांचे श्लोक, भागवत-रामायण-महाभारतातल्या कथा, सुभाषितं, म्हणी. हे घ्यायला कोणालाही विचारायचं नाही. पण नाव घ्यायचं, आणि ते अवघडही नाही, कारण आपल्या कवींनी ते आतच विणून ठेवलं आहे. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘म्हणे नामयाची जनी’. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’ हा जुना श्लोक आपण सगळेच शाळेत शिकलो, आणि तो दुसरं काहीच करत नाही, फक्त कोणाचं काय ते सांगतो.

इथे एक सवय सोडायला हवी. वेळ कमी पडला की आपण शेवटचं कडवं गाळतो, आणि नेमकी मुद्रिका, म्हणजे कवीचं नाव असलेली ओळ, तिथेच असते. बांद्याच्या सोहिरोबानाथांचं ‘हरिभजनावीण काळ घालवूं नको रे’ हे पद आपल्या किनाऱ्यावर कुठल्या भजनात गायलं जात नाही? पण ‘सोहिरा म्हणे’पर्यंत किती जण पोचतात? सिंधुदुर्गातल्याच माणसाचं पद सिंधुदुर्गातच निनावी व्हावं हे मला फार लागतं. कापायचंच असेल तर मधलं कडवं कापा.

दुसरा ढीग बांधणीचा, आणि सगळा घोळ इथेच होतो. सुदामा आख्यानातली कथा सर्वांची आहे. सुदाम्याच्या बायकोने शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले हे भागवतातच आहे. पण समजा एखाद्या बुवांनी आख्यान द्वारकेपासून सुरू न करता त्या दारांपासून सुरू केलं. पहिल्या दारात काय बोलणं झालं, दुसऱ्या दारातून ती रिकामी कशी परतली, तिसऱ्या दारी कोण भेटलं, आणि प्रत्येक दारानंतर एक साकी, म्हणजे चालीवर गायचं छोटं पद. पोहे भागवताचे, पण ती दारं, ते बोलणं, साक्यांची ती जागा आणि त्यांच्या चाली त्या बुवांच्या. ही मेहनत वर्षानुवर्षांची असते. कुठल्या वाक्यावर तबला थांबवायचा, कुठे झांज नुसती धरून ठेवायची, हे त्यांनी शंभर रात्रींत ठरवलेलं असतं.

हे घ्यायचं असेल तर विचारलंच पाहिजे. गुरूकडून शिकताना गुरू स्वतः देतो, तेव्हा ते घराण्याचं होतं. तिथे नमनात गुरूंचं नाव घेतलं की पुरतं, प्रत्येक साकीला थांबायची गरज नाही. पण ज्यांच्याकडे आपण शिकलो नाही, फक्त मंडपात बसून किंवा फोनवर ऐकून उचललं, त्यांना फोन करायचा.

तिसरा ढीग माणसाचा स्वतःचा. त्याच्या आयुष्यातला प्रसंग, त्याने कष्टाने वाचून शोधलेली माहिती, त्याला सुचलेली उपमा, त्याचा विनोद. प्रसंग तर कधीच ‘मी’ करून सांगायचा नाही, परवानगी असली तरी नाही. बुवांनी मला होकार दिला, आणि तरी मी तो बुवांनी सांगितलेला म्हणून, त्यांचं नाव घेऊनच सांगते. उपमा आणि शोधलेली माहिती नाव घेऊन खुशाल सांगावी. विनोदाबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुसऱ्याचा विनोद तोच सूर आणि तेच हावभाव घेऊन करू नये. त्यात आपलं काहीच उरत नाही, आणि गावोगावी फिरणाऱ्या श्रोत्याला तो ओळखू येतो.

कधी दोघांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचते. ते चालतं. वहीत ‘स्व’ आणि तारीख असली की मनाला शंका राहत नाही.

तिसरी पायरी: मूळ गाठा

कोणाचं म्हणून सांगायचं हेच चुकलं तर प्रामाणिक राहूनही नाव भलत्याचंच घेतलं जातं. ‘ज्ञानदेवें रचिला पाया’ आणि ‘तुका झालासे कळस’ या ओळींचा अभंग कित्येक जण तुकोबांचा म्हणून सांगतात, कारण त्यात तुका येतो. तो संत बहिणाबाईंचा आहे. त्या 1628 ते 1700 या काळातल्या, तुकोबांच्या शिष्या, आणि अभंगाच्या शेवटी त्यांचीच मुद्रिका आहे. त्यातही खानदेशच्या बहिणाबाई चौधरींशी घोटाळा करणारे भेटतात. त्या 1880 ते 1951 या काळातल्या, म्हणजे मध्ये अडीचशे वर्षांचं अंतर.

मी तीन गोष्टी करते. अभंग गाथेत प्रत्यक्ष उघडून बघते. पुस्तक हाताशी नसेल तर गावच्या वाचनालयात किंवा जुन्या जाणत्या वारकऱ्याकडे विचारते. फोनवर फिरणाऱ्या संदेशातलं संतवचन, त्याखाली कितीही मोठं नाव असलं तरी, मूळ सापडेपर्यंत वापरत नाही. अलीकडे मुलं संगणकाला विचारून निरूपण तयार करतात. त्यातून येणारा अभंग कधी कधी कोणत्याच गाथेत नसतो. छंद बरोबर, शेवटी ‘तुका म्हणे’सुद्धा, आणि तुकोबांनी म्हटलेलंच नाही. व्यासपीठावरून ते गेलं की पुढच्या वर्षी तोच अभंग पाच गावांत ऐकू येतो. यंत्राची मदत घ्यायचीच असेल तर सांगाडा घ्या, वचनं गाथेतूनच घ्या, आणि यजमानांनी विचारलं तर खरं सांगा.

चौथी पायरी: विचारा, साध्या शब्दांत

फोन करायला लाज वाटते, मलाही वाटायची. शब्द आधी ठरवलेले असले की सोपं जातं. मी असं बोलते: ‘बुवा, नमस्कार. परवा तुमचं सुदामा आख्यान ऐकलं. दारांची ती सुरुवात मला माझ्या कीर्तनात घ्यायची आहे. तुमचं नाव घेईन. चालेल का? आणि साक्यांच्या चाली घेऊ की माझ्या लावू?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बरेच जण बांधणी देतात पण चाल राखून ठेवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. कोणी म्हणतात, ‘रत्नागिरी तालुक्यात मीच करतो ते, तू मालवणकडे कर.’ तेही मानायचं. बिदागीवर ज्याचं घर चालतं, त्याचं हुकमी आख्यान त्याच्याच पंचक्रोशीत दुसऱ्याने केलं तर पुढच्या वर्षीचं त्याचं बोलावणं जाऊ शकतं. नैतिकतेच्या गप्पांत ही पोटाची बाजू विसरली जाते. नकार मिळाला तर तो वहीत लिहा, म्हणजे दहा वर्षांनी विसरून करणार नाही.

ज्यांचं ते आहे ते हयात नसतील तर त्यांच्या घरी किंवा शिष्यांना विचारा. घरच्यांना बहुधा आनंदच होतो. एका बुवांच्या मुलीने मला त्यांची आख्यानाची वही दोन दिवस वाचायला दिली होती.

पाचवी पायरी: आपल्या खुंटावर बांधा

आंब्याचं कोयकलम आपल्याकडे घरोघरी होतं. कोयीपासून उगवलेलं कोवळं रोप हा खुंट, त्यावर हापूसच्या झाडाची काडी. काडी कितीही उत्तम असो, खुंटाला स्वतःचं मूळ नसेल तर ती सुकते. आणि कलम विकत घेताना जाणकार बागायतदार आधी विचारतो, काडी कुठल्या झाडाची? उसन्या निरूपणाला दोन्ही गोष्टी लागू आहेत.

करून पाहण्याची रीत अशी. घेतलेला भाग एकदा वाचा आणि वही मिटा. दोन दिवस उघडू नका. मग घरातल्या कोणाला, आईला, मुलाला, शेजारच्या वहिनींना, तो विचार न बघता सांगा. जे आठवेल ते तुमच्यात रुजलं, जे आठवणार नाही ते तुम्हाला लागणारच नव्हतं. मग स्वतःला विचारा: हा विचार मला माझ्या आयुष्यात कुठे भेटला? तरीवाल्यावरून माझ्या मनात लांज्याचा एसटी कंडक्टर उभा राहिला. सुटे नाहीत म्हणून तो एका म्हातारीला म्हणाला होता, ‘आजी, उतरताना बघू.’ आता मी आधी बुवांचा तरीवाला सांगते, त्यांच्या नावाने, आणि मग माझा कंडक्टर. लोकांना कंडक्टरही आवडतो. त्याची काडी कुठली हेही त्यांना कळलेलं असतं.

शब्दशः घेण्यासारखं एखादंच वाक्य असतं. ते तेवढं शब्दशः घ्या, ‘त्यांच्याच शब्दांत सांगते’ असं म्हणून. बाकी सगळं स्वतःच्या तोंडच्या बोलीत. मालवणात वाढलेली मुलगी पुण्याच्या बुवांच्या भाषेत बोलू लागली की उसनं घेतल्याचं पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सहावी पायरी: नाव कुठे आणि कसं

‘रसभंग होतो’ ही यावरची नेहमीची सबब. जागा नीट निवडली तर होत नाही. सुदाम्याच्या पायांवर कृष्णाचे अश्रू पडत असताना ‘ही कल्पना अमुक बुवांची’ म्हणणं चूकच आहे. पण कीर्तनात तीन जागा यासाठी मोकळ्याच असतात. पहिली नमनाची: ‘आजच्या आख्यानाची बांधणी मी अमुक बुवांकडून घेतली आहे, त्यांनी प्रेमाने दिली.’ दुसरी दृष्टांताच्या सुरुवातीची: ‘अमुक बुवा एक गोष्ट सांगत, ती त्यांचीच म्हणून सांगते.’ त्याने उलट कान टवकारतात. तिसरी मध्यंतराची. हार घातला जातो, बुक्का लागतो, तेव्हा दोन वाक्यं बोलायला वेळच वेळ असतो.

‘एका थोर पुरुषाने म्हटलंच आहे’ हे नाव घेणं नव्हे. नाव माहीत असताना ते दडवण्याची ती रीत आहे. नाव खरंच ठाऊक नसेल तर ‘हे मी ऐकलेलं आहे, कोणाचं ते ठाऊक नाही, कोणाला माहीत असेल तर नंतर सांगा’ असं म्हणा. मला असं दोनदा मूळ मिळालं आहे, दोन्ही वेळा मंडपातल्या मागच्या रांगेतून.

आणि प्रत्येक वाक्याला नाव नको. पाच मिनिटांत चार नावं आली की श्रोता दमतो. त्या रात्रीच्या कीर्तनाचा कणा ज्यांचा, त्यांचं नाव चुकवायचं नाही, एवढं पाळा.

सातवी पायरी: रेकॉर्डिंग होत असेल तर

पूर्वी कीर्तन देवळाच्या भिंतीत राहायचं. आता मंडळाचा मुलगा फोन लावून ठेवतो आणि बोरिवलीतला चाकरमानी सकाळच्या लोकलमध्ये ते ऐकतो. म्हणून कायद्याच्या चार गोष्टी माहीत हव्यात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘व्याख्यान’ या शब्दाच्या व्याख्येत भाषणाबरोबर धार्मिक प्रवचनही येतं. व्याख्यान देणारा माणूस ‘कलावंत’ या व्याख्येतही बसतो. लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तुकोबांचं सर्वांचं आहे, पण गेल्या पिढीतल्या कवीची कविता तशी नाही. हक्क विकले तरी आपली कृती आपलीच आहे हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार 57 व्या कलमाने शाबूत ठेवला आहे. धार्मिक विधीत होणाऱ्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, पण तीच ध्वनिफीत नंतर यूट्यूबवर टाकून त्यावर पैसे मिळू लागले की ती सूट पुढे ओढू नये. कायदा विचाराला कुंपण घालत नाही, मांडणीला घालतो. ‘गुरू पलीकडे नेतो’ हा विचार कोणाचाच नाही, बुवांचे शब्द बुवांचे.

कामापुरतं एवढं करा: रेकॉर्डिंग होणार का ते आधी विचारा. होणार असेल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना तेही सांगा, कारण देवळात करायला दिलेला होकार यूट्यूबसाठी असतोच असं नाही. आणि व्हिडिओखालच्या माहितीत त्यांचं नाव लिहायला मंडळाला सांगा.

आठवी पायरी: होऊन गेलं असेल तर

आधी ज्याचं घेतलं त्याला कळवा, त्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी. कारणं देऊ नका, ‘मी तुमचं माझं म्हणून सांगितलं’ एवढं म्हणा. मग जिथे सांगितलं तिथे दुरुस्ती करा. त्या गावी मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. पहिल्याच दिवशी नमनानंतर मी सांगितलं, की गेल्या वर्षीचा तरीवाला बुवांच्या वडिलांचा होता, माझ्या नव्हे. मंडप क्षणभर शांत झाला. ते आजोबा दुसऱ्या रांगेत होते.

कोणाला दुसऱ्या कीर्तनकाराची उसनवारी लक्षात आली तर त्या आजोबांसारखं वागावं: एकट्याला गाठून, आरतीनंतर, प्रश्न विचारून. मंडळांनी एक करावं. बोलावताना ‘रोज नवं पाहिजे, कोणी ऐकलेलं नको’ अशी अट घालू नये. त्या अटीपायीच घेतलेलं लपवलं जातं. पाच दिवसांत दोन आख्यानं गुरुपरंपरेतली, उघडपणे तशी सांगून, चालतील असं म्हटलं तर कीर्तनकार मोकळा होतो. ‘आज अमुक बुवांचं आख्यान’ असं फलकावर लिहिलं तर ज्यांनी त्या बुवांना ऐकलं होतं ती म्हातारी माणसंही येतात.

आता माझ्याकडून घेणारीही दोन-तीन मुलं आहेत. त्यासाठी वहीची मागची चार पानं मी राखून ठेवली आहेत: कोणी, काय, कधी नेलं. गेल्या कार्तिकात देवगडकडच्या एका मुलीने फोन केला, ‘ताई, तुमचा कंडक्टर घेऊ का?’ मी म्हटलं, ‘घे, पण त्याआधी तरीवाला सांग, आणि तो कोणाचा ते सांग.’ मागच्या पानावर तिचं नाव, कार्तिक, आणि ‘कंडक्टर, तरीवाल्यासह’ अशी नोंद आहे.